केंद्रसंचयन सरकमार्ग

केंद्रसंचयन सरकमार्ग : अतिशय लहान वस्तूचे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सारखेच सुस्पष्ट असे छायाचित्र मिळविण्यासाठी कॅमेरा किंवा वस्तू यांपैकी एकास प्रकाशीय अक्षाच्या दिशेने ठराविक व अगदी अल्प अंतरांनी पुढे सरकविणारे साधन. प्रत्येक अंतरावर एक छायाचित्र घेतात. अशा दहापासून काही शेपर्यंतच्या छायाचित्रांतील केवळ स्पष्ट भाग निवडून संगणकाच्या साहाय्याने त्यांचे एक संयुक्त चित्र बनवितात. या सर्व प्रक्रियेस केंद्रसंचयन म्हणतात. व्यवहारात तिला ‘फोकस स्टॅकिंग’ या नावाने ओळखतात. कीटक, कोळी, बिया, परागकोश, स्फटिक, सूक्ष्म जीवाश्म व यंत्रांचे बारीक भाग यांच्या चित्रणासाठी तिचा उपयोग होतो. व्यापारी बनावटीचे विद्युत् चलित्रयुक्त सरकमार्ग उपलब्ध आहेत. परंतु त्यांची किंमत लहान महाविद्यालयांना व हौशी अभ्यासकांना सहसा परवडत नाही. सुदैवाने या साधनाकडून अपेक्षित असलेली अचूकता विशिष्ट प्रकारची आहे व ती साध्या सामग्रीतून, घरगुती कार्यशाळेतही साधता येते. ही अचूकता नेमकी कोणती, हे समजून घेतले म्हणजे साधनाची रचना आपोआप ठरत जाते.

क्षेत्रखोलीची मर्यादा : भिंगापासून एका ठराविक अंतरावरील प्रतलच तत्त्वतः सुस्पष्ट दिसते. त्या प्रतलाच्या पुढेमागे ज्या मर्यादेपर्यंत अस्पष्टता जाणवत नाही, त्या मर्यादेला क्षेत्रखोली म्हणतात. दूरच्या दृश्यात ती अनेक मीटर असते. वस्तू जवळ आणून तिचे वर्धन वाढवीत नेले म्हणजे ती झपाट्याने घटते. भिंगाचे छिद्र लहान केल्यास क्षेत्रखोली वाढते, हे प्रत्येक छायाचित्रकारास ठाऊक असते. परंतु निकट छायाचित्रणात हा उपाय फार पुढे नेता येत नाही. छिद्र लहान झाले की प्रकाशाचे विवर्तन वाढते व वस्तूवरील प्रत्येक बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक छोटी चकती बनते. शिवाय वर्धन जितके अधिक तितके छिद्राचे परिणामी मूल्य आकड्याहून लहान ठरते. पाचपट वर्धनास एफ/१६ हे छिद्र वापरले, तर ते परिणामतः एफ/९६ इतके लहान असते आणि हिरव्या प्रकाशात विवर्तन-चकतीचा व्यास सु. ०·१३ मिमी. होतो. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील चित्रबिंदू सामान्यतः ०·००४ ते ०·००६ मिमी. रुंद असतात. म्हणजे वस्तूचा एकेक बिंदू वीस-तीस चित्रबिंदूंच्या रुंदीवर पसरतो आणि मुंगीच्या अंगावरील बारीक केस, त्वचेवरील खाचा हे सर्व पुसले जाते.

बारकावा हवा तर छिद्र मोठे ठेवावे लागते आणि छिद्र मोठे ठेवले तर खोली मिळत नाही. एका छायाचित्रात हा पेच सुटत नाही. तो अनेक छायाचित्रांत विभागून सोडविणे हेच केंद्रसंचयनाचे तत्त्व होय. विवर्तनाचा विचार करता क्षेत्रखोली ही तरंगलांबीला संख्यात्मक द्वारकाच्या वर्गाने भागून येणाऱ्या मूल्याइतकी असते. हवेत संख्यात्मक द्वारक म्हणजे भिंगात शिरणाऱ्या प्रकाशशंकूच्या अर्धकोनाची ज्या होय. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०·०००५५ मिमी. धरून या सूत्रावरून पुढील मूल्ये मिळतात : निकट छायाचित्रणाचे साधे भिंग, समवर्धन व एफ/५·६ छिद्र असता सु. ०·२८ मिमी.; पाचपट वर्धन व एफ/२·८ असता ०·०२५ मिमी.; सूक्ष्मदर्शकाचे चारपट वर्धनाचे व ०·१० द्वारकाचे वस्तुभिंग असता ०·०५५ मिमी.; दहापट वर्धन व ०·२५ द्वारक असता ०·००८८ मिमी. आणि वीसपट वर्धन व ०·४० द्वारक असता ०·००३४ मिमी. मिमी.च्या हजाराव्या भागास मायक्रोमीटर म्हणतात. यापुढे तेच एकक वापरले आहे.

लगतच्या दोन छायाचित्रांतील स्पष्ट पट्टे एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, नाहीतर संयुक्त चित्रात अस्पष्ट पट्टे उमटतात. म्हणून सरकण्याचे अंतर क्षेत्रखोलीच्या सु. दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश ठेवतात. तीन मिमी. खोलीचा भुंगेरा चारपट वस्तुभिंगाने टिपताना चाळीस मायक्रोमीटरांचा टप्पा घेतल्यास ७६ छायाचित्रे लागतात. तोच दहापट वस्तुभिंगाने सहा मायक्रोमीटरांच्या टप्प्याने टिपताना ५०१ लागतात. हाताने स्क्रू फिरवून ७६ छायाचित्रे कशीबशी घेता येतील. ५०१ छायाचित्रे तशी घेणे व्यवहारात शक्य नाही. चलित्राची गरज येथे निर्माण होते.

इतिहास : मोठे छिद्र व मोठी खोली यांचा मेळ घालण्याची धडपड सूक्ष्मदर्शकाइतकीच जुनी आहे. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञांच्या मायक्रोग्राफिया (१६६५) या ग्रंथातील पिसू व ऊ यांची प्रसिद्ध चित्रे एका दृष्टिक्षेपात दिसलेली नव्हेत. वस्तू वेगवेगळ्या प्रकाशांत व वेगवेगळ्या स्थितींत पाहून, तिचे खरे रूप मनाशी निश्चित करून मगच आपण चित्र काढले, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. चित्रकाराचा हात जे संचयन करीत असे, ते छायाचित्रणास पुढे दीर्घ काळ जमले नाही. एर्न्स्ट आबे या जर्मन भौतिकीविज्ञांनी १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेवर विवर्तनाची मर्यादा असते हे दाखविले, तेव्हा हा पेच भिंगे अधिक चांगली घासून सुटणार नाही, हेही स्पष्ट झाले.

डॅन मॅक्‌लॅक्लन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ मध्ये एक कल्पक मार्ग प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत वस्तूवर बाजूंनी अगदी पातळ प्रकाशपटल टाकावयाचे, हे पटल नेमके भिंगाच्या स्पष्ट प्रतलात ठेवावयाचे आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून वस्तू त्या पटलातून हळूहळू पुढे सरकवावयाची, अशी ही रीत होती. प्रकाशात येणारा भाग त्या क्षणी स्पष्ट असल्याने फिल्मवर सर्व वस्तू स्पष्ट उमटे. वस्तू प्रकाशीय अक्षाच्या दिशेने एकसारखी सरकविणारे मळसूत्र हा या पद्धतीचा गाभा होता. आजच्या सरकमार्गाचे ते पूर्वरूप म्हणता येईल. अनेक प्रतिमांतील स्पष्ट भाग संगणकाने निवडून क्षेत्रखोली वाढविण्याच्या रीतींवरील आर. जे. पायपर व ए. कॉर्पेल यांचा निबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि अंकीय कॅमेरे व घरगुती संगणक स्वस्त झाल्यावरच, म्हणजे एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून, ही पद्धत सर्वत्र पसरली. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील कीटकांची जी चित्रे २०१६ मध्ये प्रदर्शित केली, त्यांतील एकेक चित्र आठ हजारांहून अधिक छायाचित्रांचे बनलेले होते व त्यांसाठी कॅमेरा दर वेळी दहा मायक्रोमीटर सरकविला जात होता.

अपेक्षित अचूकतेचे स्वरूप : सरकमार्ग बांधणाऱ्याचा पहिला ओढा जास्तीत जास्त लहान टप्पा देणारी रचना करण्याकडे असतो. हा ओढा बहुधा चुकीचा ठरतो. वरील उदाहरणात सहा मायक्रोमीटरांऐवजी एखादा टप्पा पाच किंवा सात मायक्रोमीटरांचा पडला, तरी संयुक्त चित्रावर परिणाम होत नाही. कारण पट्टे एकमेकांवर चढलेलेच असतात. गाडा शून्यापासून नेमक्या किती अंतरावर आहे, हेही महत्त्वाचे नसते. तीन गोष्टी मात्र अपरिहार्य असतात. पहिली, गाड्याने एकाच दिशेने जावे व कोणताही टप्पा चुकवून पुढे दुप्पट उडी घेऊ नये. दुसरी, छायाचित्र घेण्याच्या क्षणी सर्व काही निश्चल असावे. तिसरी, सरकताना गाड्याने डावीउजवीकडे अथवा वरखाली डोलू नये. लेथसारख्या यंत्रास निरपेक्ष अचूकता लागते आणि ती महाग असते; सरकमार्गास सातत्य व स्थैर्य लागते आणि ते काळजीपूर्वक केलेल्या साध्या कामातून मिळू शकते.

चलित्र : या कामास टप्प्याटप्प्याने फिरणारे म्हणजे स्टेपर प्रकारचे चलित्र वापरतात. सर्वसाधारण स्टेपर चलित्राचा एक टप्पा १·८ अंशाचा असतो व एका पूर्ण फेऱ्यास २०० टप्पे लागतात. सु. ४२ मिमी. चौरस तोंडाचे चलित्र त्रिमितीय मुद्रकांत सर्रास वापरले जात असल्याने सहज मिळते. निकामी झालेल्या मुद्रकांतून व चित्रवाचकांतूनही लहान चलित्रे काढून घेता येतात. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता व पुण्यातील बुधवार पेठ येथील इलेक्ट्रॉनिकीच्या दुकानांत चलित्र, त्यास विद्युत् प्रवाह पुरविणारे चालक मंडल व सूक्ष्मनियंत्रक हे तिन्ही भाग मिळतात.

चालक मंडलामुळे एका पूर्ण टप्प्याचे आठ, सोळा किंवा अधिक सूक्ष्म भाग करता येतात. चलित्राच्या दोन वेटोळ्यांतील प्रवाहांचे प्रमाण बदलून घूर्णक दोन टप्प्यांच्या मध्ये धरून ठेवला जातो. कागदावर याने सूक्ष्मता सोळापट वाढते. प्रत्यक्षात तसे होत नाही. एका सूक्ष्म भागाएवढ्या विस्थापनाने निर्माण होणारी पीडनशक्ती अल्प असते. मळसूत्राचे घर्षण तिच्याहून अधिक असेल, तर चलित्र काही सूक्ष्म भाग जागचे हलत नाही आणि मग एकदम उडी मारते. शिवाय प्रवाह बंद करताच घूर्णक जवळच्या पूर्ण टप्प्यावर सरकतो. म्हणून सूक्ष्म भाग हे गती मऊ करण्यासाठी वापरावेत व छायाचित्राच्या थांब्यांची अंतरे पूर्ण टप्प्यांच्या पटीत ठेवावीत, हा नियम श्रेयस्कर असतो.

मळसूत्र व गाडा : सहा मिमी. व्यासाच्या सर्वसाधारण आटेदार सळईवरील लगतच्या आट्यांतील अंतर एक मिमी. असते. ती २०० टप्प्यांच्या चलित्रास थेट जोडल्यास एका पूर्ण टप्प्यास गाडा पाच मायक्रोमीटर सरकतो. दहापट वस्तुभिंगापर्यंतच्या कामास हे पुरेसे आहे. त्रिमितीय मुद्रकांतील आठ मिमी. व्यासाचे तयार मळसूत्र आकर्षक दिसते. परंतु त्यावर बहुधा चार समांतर आटे असतात व एका फेऱ्यात ते आठ मिमी. सरकते, म्हणजे एका टप्प्यास चाळीस मायक्रोमीटर. चारपट वर्धनाच्या पुढे ते उपयोगाचे नाही. विकत घेताना एकेरी आट्याचे मळसूत्र मागून घ्यावे लागते.

बाजारातील आटेदार सळई क्वचितच पूर्ण सरळ असते. तिच्यावरचा नट गाड्यास घट्ट जखडला, तर प्रत्येक फेऱ्यात सळईचा बाक गाड्यास एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे ढकलतो. हा दोष चित्रात नियमित लहरींच्या रूपाने दिसतो. त्यावर उपाय म्हणजे नट गाड्यापासून अलग ठेवणे. तो फिरू नये एवढाच आडवा अटकाव त्यास करतात. सळईच्या बाजूला, नटावर बसविलेल्या पट्टीत सायकलच्या बेअरिंगमधील एक पोलादी गोळी ठेवतात व त्या एकाच गोळीने नट गाड्यास मागून रेटतो. गाडा गोळीस सतत टेकून राहावा म्हणून कप्पीवरून सोडलेल्या दोरीस अर्धा-एक किलोग्रॅम वजन बांधून त्यास मळसूत्राच्या विरुद्ध दिशेने ओढ देतात. याने दोन कामे साधतात : सळईचा बाक गाड्यापर्यंत पोहोचत नाही आणि नट व आटे यांच्यातील ढिलेपणा नेहमी एकाच बाजूस दाबलेला राहतो.

गाडा दोन समांतर, कठीण व घासून गुळगुळीत केलेल्या दांड्यांवर सरकतो. जुन्या मुद्रकांतील आठ मिमी.चे दांडे यास योग्य असतात. एका दांड्यावर दोन बेअरिंग व दुसऱ्यावर एकच, असे तीनच आधार द्यावेत. तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात. चौथा आधार दिला की, चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते तसा गाडा डुगडुगतो किंवा अडकतो. कपाटांच्या खणांना लावण्यात येणारे सरकते पोलादी मार्ग स्वस्त असले, तरी त्यांतील गोळ्यांना बराच खेळ असल्याने ते टाळावेत.

जुन्या सूक्ष्मदर्शकाचा उपयोग : वीसपट वर्धनासाठी आटेदार सळई अपुरी पडते. अशा वेळी मोडीत निघालेल्या सूक्ष्मदर्शकाचा केंद्रीकरणाचा ठोकळा हा उत्तम सरकमार्ग ठरतो. हरियाणातील अंबाला येथे बनलेले सूक्ष्मदर्शक अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतात आणि त्यांची भिंगे बुरशीने निकामी झाली, तरी यांत्रिक भाग पुष्कळदा चांगला असतो. बऱ्याच सूक्ष्मदर्शकांच्या सूक्ष्म फिरकीच्या एका फेऱ्यास मंच ०·१ ते ०·२ मिमी. सरकतो. ०·२ मिमी.ची फिरकी २०० टप्प्यांच्या चलित्रास जोडल्यास पूर्ण टप्पा केवळ एक मायक्रोमीटरचा पडतो. फिरकी व चलित्र यांचे अक्ष हातकामात क्वचितच नेमके जुळतात, म्हणून जोडणी लवचिक ठेवतात. जाड रबरी नळीचा तुकडा दोन्ही बाजूंना पट्ट्यांनी आवळला तरी भागते. मात्र हा ठोकळा मंचाचे हलके वजन पेलण्यासाठी बनविलेला असतो. त्यावर कॅमेरा लादल्यास तो हळूहळू घसरतो. कॅमेरा स्थिर ठेवून ठोकळ्यावर वस्तू बसविणे हाच योग्य मार्ग होय. काही जुन्या नमुन्यांत सूक्ष्म फिरकीचा एकूण प्रवास दोन-तीन मिमी.च असतो, हेही आधी तपासावे लागते.

वस्तू सरकत असताना दिवे स्थिर असतील, तर तिच्यावरील चकाकीची जागा प्रत्येक छायाचित्रात बदलते व भुंगेऱ्याच्या गुळगुळीत पंखावर चमकदार पट्टे उमटतात. त्यासाठी दिवे व प्रकाश विखुरणारा कागद वस्तूच्या बरोबर सरकतील अशा रीतीने गाड्यावरच बसवितात.

नियंत्रण : आर्डुइनो हा सूक्ष्मनियंत्रकाचा फलक, ज्याचा आरंभ २००५ मध्ये इटलीत झाला, या कामास सर्वाधिक वापरला जातो. त्यास दिलेल्या आज्ञावलीचा क्रम साधा असतो : चलित्र ठराविक टप्पे फिरवावे, थांबावे, कॅमेऱ्याची झडप उघडावी, पुन्हा थांबावे आणि हे सर्व ठरलेल्या संख्येइतके वेळा करावे. सुरुवातीच्या जागेच्या ०·२ मिमी. मागे जाऊन तेथून पुढे यावे, म्हणजे उरलासुरला ढिलेपणा पहिल्या छायाचित्रापूर्वीच संपतो. कॅमेऱ्याची कळ सूक्ष्मनियंत्रकास थेट न जोडता मध्ये प्रकाशयुग्मक घालावा; त्याने दोन्ही मंडले विद्युत् दृष्ट्या अलग राहतात व चलित्राच्या मंडलातील दोष कॅमेऱ्यापर्यंत जात नाही. चालक मंडलाच्या वीजपुरवठ्यालगत १०० मायक्रोफॅराडचे धारित्र लावावे. वीज चालू असताना चलित्राची तार काढल्यास चालक मंडल तत्काळ जळते. नवख्यांच्या हातून होणारी ही सर्वांत सामान्य हानी होय.

कंप व उष्णता : दहापट वर्धनास वस्तूचे दोन मायक्रोमीटरांचे थरथरणे संवेदकावर वीस मायक्रोमीटर होते, म्हणजे चार-पाच चित्रबिंदू. रस्त्यावरील मालमोटार, छताचा पंखा, शेजारच्या खोलीतील पावले यांपैकी काहीही त्यास पुरते. कॅमेरा व सरकमार्ग एकाच जड पायावर बसविले, तर दोहोंचे कंप बरोबर होतात व प्रतिमा कमी बिघडते. कडप्प्याच्या जाड फरशीखाली स्कूटरच्या चाकाची अर्धवट हवा भरलेली नळी ठेवणे हा कंपशोषणाचा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. गाडा थांबल्यावर झडप उघडण्यापूर्वी एक ते तीन सेकंदांचा अवकाश ठेवतात. फ्लॅश दिवा अल्प शक्तीवर चालविल्यास त्याची दीप्ती सेकंदाच्या सु. दहा हजाराव्या भागाइतकीच टिकते व उरलेला कंपही गोठल्यासारखा होतो.

उष्णतेचा परिणाम सहसा लक्षात येत नाही. पाचशे छायाचित्रांना प्रत्येकी सहा सेकंद धरल्यास पन्नास मिनिटे लागतात. तीनशे मिमी. लांबीचा ॲल्युमिनियमाचा पाया तापमान एका अंश सेल्सिअसने वाढल्यास सु. सात मायक्रोमीटर लांबतो, म्हणजे वरील उदाहरणातील एका टप्प्याहून अधिक. चलित्र थांबलेले असतानाही प्रवाह घेत असल्याने तापते व ती उष्णता मळसूत्रात शिरते. यासाठी चलित्र व पाया यांच्यामध्ये लाकडाचा किंवा बेकेलाइटाचा तुकडा घालतात, प्रवाह लागेल तेवढाच ठेवतात आणि यंत्रणा काम सुरू करण्यापूर्वी अर्धा तास चालू ठेवतात.

चाचणी : मिमी.चा शंभरावा भाग दाखविणारे डायल गेज गाड्यास टेकवून शंभर टप्प्यांचे अंतर मोजणे ही सर्वांत सरळ चाचणी होय. ते नसल्यास छापील पट्टी अक्षाशी ४५ अंशांचा कोन करून ठेवतात व तिची छायाचित्रांची मालिका घेतात. गाडा एक मिमी. सरकला की पट्टीवरील स्पष्ट भाग १·४१ मिमी. पुढे गेला पाहिजे. प्रत्येक छायाचित्रातील स्पष्ट पट्टा सारख्या अंतराने पुढे सरकतो की मध्येच थबकून उडी घेतो, हे या मालिकेत उघड दिसते. सरकण्याची दिशा प्रकाशीय अक्षाशी समांतर नसेल, तर प्रतिमा बाजूला वाहते. हा फरक एक अंश असला, तर तीन मिमी.च्या प्रवासात वस्तू ०·०५२ मिमी. बाजूला जाते व दहापट वर्धनास संवेदकावर अर्ध्या मिमी.हून अधिक अंतर पडते. संगणक असे विस्थापन भरून काढतो, परंतु तेवढी कड चित्रातून कापली जाते.

संयोजन व त्याच्या मर्यादा : हेलिकॉन फोकस व झेरीन स्टॅकर या सशुल्क आणि कंबाइनझेडपी या निःशुल्क संगणक आज्ञावली या कामी प्रसिद्ध आहेत. त्या प्रथम सर्व छायाचित्रे आकाराने व स्थानाने जुळवितात, मग प्रत्येक ठिकाणी स्थानिक तीव्रताभेद ज्या छायाचित्रात सर्वाधिक असेल त्यातील भाग निवडतात. सपाट व एकसंध पृष्ठभागावर ही निवड चांगली होते. परंतु एक केस दुसऱ्यासमोरून जात असेल, पंख पारदर्शक असेल किंवा स्पष्ट कडेमागे दूरची पार्श्वभूमी असेल, तेथे आज्ञावलीची फसगत होते. कडेभोवती धूसर वलय उमटते, केस मध्येच तुटतो, कधी मागचा केस पुढच्यातून आरपार गेलेला दिसतो. अशा चित्रातील केसांची संख्या मोजून जातीचा निर्णय करणे धोक्याचे असते. म्हणून शास्त्रीय कामात मूळ छायाचित्रांची संपूर्ण मालिका जपून ठेवतात आणि संयुक्त चित्राबरोबर वर्धन, संख्यात्मक द्वारक, टप्प्याचे अंतर, छायाचित्रांची संख्या व मोजपट्टी यांची नोंद देतात. या नोंदीविना संयुक्त चित्र देखणे असले, तरी ते पुरावा ठरत नाही.

सजीव व हालता कीटक या पद्धतीने टिपता येत नाही. संग्रहातील, मृत किंवा पूर्ण निश्चल नमुनाच लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत काही फुलपाखरे व इतर कीटकही असल्याने नमुने गोळा करण्यापूर्वी त्याची माहिती असणे आवश्यक आहे.

महत्त्व : नव्या जातीचे वर्णन ज्या नमुन्यावरून केले जाते, त्यास प्ररूप नमुना म्हणतात. जातीच्या नावाविषयी पुढे वाद उत्पन्न झाल्यास अखेरचा आधार तोच असतो. असे नमुने नाजूक, एकमेवाद्वितीय व पुष्कळदा दूरदेशी असतात. ते टपालाने पाठविणे जोखमीचे असते. पॅरिसच्या संग्रहालयाने ऑस्ट्रेलियास उसनवार पाठविलेले वनस्पतींचे जुने प्ररूप नमुने तेथील जैवसुरक्षा तपासणीत नष्ट करण्यात आल्याचे २०१७ मध्ये उघडकीस आले. संग्रहालयेही अभेद्य नसतात. दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय २६ एप्रिल २०१६ रोजी व ब्राझीलमधील रीओ दे झानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ रोजी आगीत सापडले. दुसऱ्या आगीत कीटकांचा प्रचंड संग्रह जळाला. ज्या नमुन्याचे सर्वांगस्पष्ट चित्र आधी घेऊन ठेवलेले असते, त्याची निदान दृश्य साक्ष तरी उरते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मधमाशीविषयक प्रयोगशाळेने चलित्रयुक्त सरकमार्गाच्या साहाय्याने घेतलेली हजारो चित्रे सर्वांना मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. त्यामुळे दूरच्या अभ्यासकास नमुना न मागविताही प्राथमिक तुलना करता येते.

भारतात असे नमुने केवळ मोठ्या संस्थांच्या स्वाधीन नाहीत. पुण्यातील भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रासारख्या संग्रहांखेरीज, सह्याद्रीच्या व कोकणाच्या परिसरातील महाविद्यालयांच्या कपाटांतही विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या पिढ्यांनी जमविलेले कीटक असतात. डांबरगोळ्या संपल्या, पावसाळ्यात दमट हवा शिरली किंवा किडीचा उपद्रव झाला की, त्यांतील काही दर वर्षी नष्ट होतात. एक जुना सूक्ष्मदर्शक, एक लहान चलित्र व कडप्प्याची फरशी यांपासून बनलेले साधन हा क्षय थांबवू शकत नाही. परंतु जे अद्याप शाबूत आहे, त्याची तपासता येण्याजोगी नोंद ते त्याच प्रयोगशाळेत, तेथील विद्यार्थ्यांच्या हातून करवून घेऊ शकते.